आधी बूड, मग इंजिन

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की अमेरिकेतल्या आमच्या नेब्रास्कात प्लॅट नदी अर्धी गोठली की बदकांच्या शिकारीला नदीतल्या बेटांवर पोचायचं कसं हा मोठा प्रश्न असतो आणि त्यासाठी मी आणि शेजारच्या आजोबांनी दोन हिवाळे गॅरेजमध्ये घालवून एक एअरबोट बनवली. एअरबोट म्हणजे सपाट बुडाची नाव, पाण्याखाली काहीच नाही, मागे उंचावर विमानासारखा पंखा आणि त्याच्या मागे हवेत उभी दोन सुकाणू. एवढ्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सदर मलाच दिलं. सगळ्यांना उत्तर देता आलेलं नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

ओमाहाहून एक वाचक : माझ्याकडे १४ फुटी अॅल्युमिनियमची जॉन बोट (सपाट बुडाची साधी लहान नाव) पडून आहे आणि भंगारातून शेवरोलेचं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन स्वस्तात मिळतंय. इंजिन आधी घेऊन ठेवू का? नंतर मिळणार नाही अशी भीती वाटते.

नका घेऊ. इंजिनं मिळत राहतात हो, त्याची घाई नको. पत्रांमध्ये दहातली आठ माणसं इंजिनापासून सुरुवात करतायत आणि मला खरंच कळकळीने सांगायचंय की एअरबोट बुडापासून सुरू होते.

तुमच्या जॉन बोटीचं गणित करून बघू. बूड साधारण ४.२ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद, म्हणजे ५ चौरस मीटर. बोट एक सेंटिमीटर खाली जायला ५० किलो वजन लागतं. आता ते लोखंडी व्ही-८ रेडिएटर, पाणी, गिअरबॉक्स सगळं चढवून अडीचशे किलोच्या वर जातं, त्यात पंखा, पिंजरा, सीटचा स्टँड, पेट्रोल, दोन माणसं, जाड कपडे, बंदुका, डिकॉयची म्हणजे नकली बदकांची पोती, आणि बोटीचं स्वतःचं वजन. ७५० किलो सहज होतात. सारखं पसरलं तर १५ सेंटिमीटर बुडेल, पण ते सारखं पसरत नाही ना, सगळा भार मागे आणि सगळा उंच, म्हणजे मागची फळी पाण्याला टेकायला आली आणि पुढची बाजू हवेत असं होतं. मग तुम्ही चालत्या बोटीत गॅसवरचा, म्हणजे अॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचललात की तुमचीच मागून येणारी लाट त्या फळीवरून आत येते. उथळ नदीत माणसं बोटी घालवतात ती अशी.

दुसरं म्हणजे पंख्याचा मध्य पाण्यापासून दीड मीटर उंच असतो आणि तिथून ३०० किलोहून जास्त जोर पुढे ढकलत असतो. हा जोर बोटीचं नाक खाली दाबतो. अरुंद बोट वळणात एका अंगावर कलते आणि वरचं वजन तिला आणखी कलवतं. म्हणून एअरबोटीचं बूड साडेसात-आठ फूट रुंद ठेवतात. जॉन बोटीचा पत्रा पातळ, त्यात रिवेट, ते हादऱ्याने सैल होतात आणि थंडीत तिथूनच पाणी झिरपतं.

आम्ही काय केलं, ५०५२ जातीचा अॅल्युमिनियमचा पत्रा घेतला, एक अष्टमांश इंच जाड, आणि एका वेल्डरकडून १५ फूट बाय साडेसात फूट बूड बनवून घेतलं. वेल्डिंग मी स्वतः नाही केलं, मी आयुष्यभर शेतीच्या मशिनरीत काम केलंय पण अॅल्युमिनियमचं वेल्डिंग हे वेगळं काम आहे आणि बुडाच्या वेल्डिंगवर शिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आत उभे-आडवे स्ट्रिंगर, म्हणजे बुडाला आधार देणाऱ्या पट्ट्या, इंजिनाचा स्टँड या स्ट्रिंगरवर बोल्ट केलेला, नुसत्या पत्र्यावर कधीच नाही. आणि रिकाम्या जागेत फोम. एक घनफूट फोम साधारण २७ किलो तरंगवतो, त्या हिशेबाने बोट पाण्याने भरली तरी तळाला जाणार नाही एवढा भरा.

तुमच्या जॉन बोटीला लहान मोटर लावा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिच्यातून शिकार करा. ती त्यासाठी चांगली आहे.

लिंकनहून एक वाचक : बर्फावरून न्यायची तर बुडाला पॉलीचं शीट लावतात असं ऐकलं. किती जाड? स्क्रू मारले तर चालेल का? चिकटवलं तर?

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण हिवाळी बोटीचा सगळा जीव इथे आहे.

पॉली म्हणजे यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन, एक गुळगुळीत, चिवट प्लास्टिक, पांढरं किंवा काळं शीट. हाताला मेणासारखं लागतं. आम्ही तीन अष्टमांश इंच लावलंय, पूर्ण बुडाला मिळून ९० किलोच्या आसपास वजन वाढलं, पण ते पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून पाण्यात त्याचा त्रास नाही. खडकाळ नदी असेल तर अर्धा इंच लावतात. प्लॅटमध्ये वाळू आहे, खडक नाहीत, त्यामुळे एवढं पुरतं. काळं घ्या, उन्हाला टिकतं.

चिकटवायचा विचार सोडा, त्याला काही धड चिकटतच नाही, तोच तर त्याचा गुण आहे. बोल्टच मारावे लागतात, चपट्या रुंद डोक्याचे स्टेनलेसचे, डोकं शीटच्या आत बसेल एवढी खोबण करून, आणि बोल्ट जिथे अॅल्युमिनियममधून जातो तिथे सीलंट भरपूर, कारण स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम गंजून खाल्लं जातं.

आता खरी गोष्ट. पॉली थंडीत आक्रसतं, अॅल्युमिनियमपेक्षा सहा-सात पट जास्त. तुम्ही गॅरेजमध्ये हीटर लावून २५ अंशाला शीट बसवलंत आणि बोट उणे २० अंशाला नदीवर उभी केलीत, तर साडेचार मीटरच्या शीटमध्ये आणि बुडामध्ये जवळपास ३ सेंटिमीटरचा फरक पडतो. तीन सेंटिमीटर! भोकं गोल ठेवली असतील तर काहीतरी तुटणार म्हणजे तुटणारच. आमच्या पहिल्या हिवाळ्यात असंच झालं. रात्री बोट ट्रेलरवर अंगणात होती, झोपेत दोनदा बंदुकीसारखा आवाज आला, सकाळी टॉर्च घेऊन खाली झोपून बघितलं तर मागच्या ओळीतल्या चार भोकांपासून शीटला चिरा गेल्या होत्या, एका चिरेत माझं नख जात होतं, आणि एक बोल्ट तिरका होऊन पत्र्याचं भोक लांबट झालं होतं. पूर्ण शीट काढावं लागलं.

दुसऱ्यांदा भोकं लांबट केली, बोटीच्या लांबीच्या दिशेने. शीट फक्त पुढच्या बाजूला घट्ट आवळलं, मागे जाता जाता भोकं जास्त लांब आणि बोल्ट जेमतेम दाबलेले, म्हणजे शीट मागच्या बाजूने सरकू शकतं. पुढची कड अॅल्युमिनियमच्या पट्टीखाली दाबून टाकली, नाहीतर बर्फाची धार शीटच्या खाली घुसते आणि ते सोलत नेते. आणि दर वर्षी ऑक्टोबरमध्ये मागची काही बोल्ट काढून शीट उचलून आतली वाळू धुवून काढतो, प्लॅटची वाळू एवढी बारीक आहे की ती आत जातेच, आणि मग पॉली आणि पत्र्याच्या मध्ये ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

अजून एक, बोट ओली असताना बर्फावर उभी करू नका. पॉलीला बर्फ कमी धरतो पण कडेने गोळा झालेला ओला भुसभुशीत बर्फ गोठला की बोट जागची हलत नाही. आम्ही दोन लाकडी फळ्या बरोबर ठेवतो, थांबायच्या आधी फळ्यांवर चढवतो. अडकलीच तर खाली उतरून दोघांनी डावी-उजवी हलवायची. पूर्ण गॅस देऊन उपटायचा प्रयत्न करू नका, ती सुटते तेव्हा एकदम सुटते आणि समोर कोण उभं आहे ते बघत नाही.

ग्रँड आयलंडहून एक ताई लिहितात : माझ्या मिस्टरांनी तुमचा लेख वाचून बोट बनवायला घेतली आहे. मला पोहता येतं, त्यांना नाही. मला झोप लागत नाही. त्यांना काय सांगू?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मिस्टरांना हे उत्तर वाचून दाखवा.

पोहता येणं-न येणं हा हिवाळ्यात दुसरा मुद्दा आहे. कॅनडातले मॅनिटोबा विद्यापीठाचे प्रोफेसर गॉर्डन गीसब्रेख्त, ज्यांनी थंड पाण्यावर आयुष्यभर काम केलं, ते १-१०-१ असा हिशेब सांगतात. गोठत्या पाण्यात पडलं की पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात नसतो, धापा लागतात, तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर संपलं. मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. आणि अंगातली ऊब जाऊन शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे माणूस थंडीने मरायच्या कितीतरी आधी हात चालेनासे होऊन बुडतो, उत्तम पोहणारासुद्धा. लाईफ जॅकेट त्या पहिल्या मिनिटासाठी आहे. ते सीटखाली ठेवून उपयोग नाही, अंगावर, बंद केलेलं, इंजिन चालू करायच्या आधी. फ्लोटचे जाड सूट मिळतात, तरंगतात आणि ऊबही देतात, एक घेऊन द्या त्यांना. गळ्यात दोरीने अडकवलेले, बर्फात रोवून बाहेर यायचे हँडलवाले दोन टोकदार खिळे, आणि एक कोरडे कपडे भरलेली पाणीबंद बॅग.

दुसरी गोष्ट त्यांना नीट समजू द्या. एअरबोटीला ब्रेक नसतो. आणि सुकाणू हवेत असतं, त्यावर पंख्याची हवा बसली तरच बोट वळते. गॅस सोडला की वळणं बंद. गाडी चालवणाऱ्या माणसाचा पाय संकटात आपोआप गॅसवरून उठतो, आणि इथे तीच चूक ठरते, बोट सरळ घसरत जाते जिथे जात होती तिथेच. बर्फावर तर थांबायलाच मागत नाही. समोर झाड आलं तर थोडा गॅस देऊनच वळायचं असतं. हे अंगात भिनायला मला एक पूर्ण उन्हाळा लागला, रुंद पाण्यावर, एकट्याने, हळू.

आणि माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. डिसेंबरमधली सकाळ, उणे १४, आम्ही बेटाच्या टोकाला उघड्या पाण्यातून परत बर्फावर चढलो, पाण्याचा तुषार सगळ्या मागच्या भागावर बसला होता, सुकाणूच्या केबलवर बोटाएवढी बर्फाची कांडी झाली होती. पुढे वळण आलं म्हणून मी पाय उचलला आणि इंजिनाचा आवाज उतरलाच नाही. गॅसची केबल तिच्या नळीतच गोठली होती. पेडल वर आलं होतं पण केबल नाही. मी चावी बंद केली, त्याबरोबर सुकाणूही गेलं, आणि आम्ही दोघं नुसते बसून राहिलो, बोट आपल्या आपण ४०-५० मीटर घसरत वाळूच्या उंचवट्यावर जाऊन थांबली. तिथे उंचवटा होता म्हणून. पन्नास मीटर पुढे कॉटनवुडची पडलेली झाडं होती.

त्या संध्याकाळी काय काय बदललं ते लिहितो, मिस्टरांना यादी म्हणून द्या: दोन्ही टोकांना रबरी टोपणं असलेली सीलबंद केबल, कार्ब्युरेटरच्या बाजूला एक नव्हे दोन परतीच्या स्प्रिंग, आणि चालवणाऱ्याच्या जॅकेटला बांधलेली किल स्विचची दोरी, ती ओढली गेली की इंजिन बंद. आणि रोज सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून पेडल सोडल्यावर केबल कार्ब्युरेटरपर्यंत पूर्ण परत येतेय का बघायचं.

बर्फाच्या जाडीबद्दल, चालायला तळ्यावरचा नवा स्वच्छ बर्फ कमीत कमी ४ इंच लागतो असं इकडे सांगतात. पण नदीच्या बर्फाला हा नियम लावू नका, खालून पाणी वाहतं आणि एका पावलावर ६ इंच असेल तर पुढच्या पावलावर १. बोटीतून उतरताना बर्फ टोचून बघायची पहार हातात हवीच.

घरी एक कागद ठेवा, कुठल्या रॅम्पवरून (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावरून) निघाले, कुठे जाणार, किती वाजता परत. त्या वेळेनंतर एक तासाने तुम्ही ९११ ला फोन करायचा, त्यांना आधी विचारत बसायचं नाही. माझी बायको आजही असंच करते.

कोलंबसहून एक इंजिनीअर वाचक : विमानाचं इंजिन की गाडीचं? गिअरबॉक्स लागतोच का?

विमानाचं लायकमिंग ओ-३६०, १८० हॉर्सपॉवर, २७०० आरपीएम, हवेने थंड होणारं, वजन जवळपास व्ही-८ च्या निम्मं. हे पंखा थेट फिरवतं. व्ही-८ ची ताकद ४८०० च्या आसपास येते, म्हणून मध्ये गिअरबॉक्स लागतोच. का ते आकड्यात बघा, तुम्ही इंजिनीअर आहात. ७२ इंची पंखा २७०० ला फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला २५८ मीटर. तोच ४८०० ला फिरवला तर ४६० मीटर, म्हणजे आवाजाच्या कितीतरी पुढे. टोक आवाजाच्या वेगाजवळ गेलं की ताकद नुसत्या आवाजात जाते आणि पात्यांवर भयंकर ताण येतो. २.३७ ला १ चा गिअर टाकला की पंखा २०२५ ला येतो आणि टोक १९४ मीटरवर, मग उलट तुम्ही पंखा मोठा करू शकता, ७८ इंची घेतला तरी २१० मीटर होतो. त्याच ताकदीत मोठा पंखा हळू फिरवला तर जोर जास्त मिळतो, हे लक्षात असू द्या.

आणि हिवाळ्याची एक गंमत आहे, ० अंशाला आवाजाचा वेग ३३१ मीटर असतो, उणे २० ला ३१९. मर्यादा तुमच्याकडे सरकते. पण हवा घट्टही होते, ३० अंशापेक्षा उणे १५ ला हवा १७ टक्क्यांच्या आसपास जड असते, त्यामुळे तीच बोट जानेवारीत जास्त ओढते. उन्हाळ्यात ट्यून केलेली पाती हिवाळ्यात इंजिनाला जड जातात, कोन थोडा कमी करावा लागतो.

आमच्याकडे ओ-३६० आहे आणि मला तेच आवडतं, पाणी नाही, रेडिएटर नाही, गोठायला काही नाही. पण उणे १२ च्या खाली ते गरम केल्याशिवाय सुरू करायचं नाही, आम्ही एक तास आधी हीटर लावून वर गोधडी टाकतो. आणि दमट थंडीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, म्हणून कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय, काढून टाकू नका. व्ही-८ घेतलंत तर पाणी-अँटिफ्रीझ निम्मं-निम्मं, ते उणे ३६-३७ पर्यंत टिकतं. सुटे भाग कुठल्याही गावात मिळतात हा व्ही-८ चा खरा फायदा.

जुनं काय घ्यायचं नाही: पंखा आणि पंख्याचे बोल्ट. पात्याची पुढची धार धातूने मढवलेली हवी, बर्फाचे तुकडे उडून त्यावर आदळतात, रोज संध्याकाळी धारेवरून हाताचं बोट फिरवून बघा, खाच लागली तर दुसऱ्या दिवशी जायचं नाही. आणि खिशात सुटं काही ठेवू नका, टोपी, काडतुसाचं टोपण, हातमोजा, जे उडेल ते पंख्यातच जातं. पिंजरा माणसाचा हात अडवायला असतो, हातमोजा तो अडवत नाही.

एक वाचक, नाव-गाव न देता : मी एच-१बी वर आहे. मी बंदूक ठेवू शकतो का? आणि चालत्या एअरबोटीतून गोळी मारता येते का?

दुसऱ्याचं उत्तर आधी, नाही. बदकं, हंस असे स्थलांतर करणारे पक्षी मोटर असलेल्या बोटीतून मारायचे तर मोटर पूर्ण बंद आणि तिच्या जोराने होणारी हालचाल पूर्ण थांबलेली असावी लागते, हा संपूर्ण अमेरिकेचा कायदा आहे. बोटीने पक्ष्यांचे थवे उठवून दुसऱ्या शिकाऱ्याकडे हाकलणंसुद्धा गुन्हा. एअरबोट फक्त पोचण्यासाठी आहे. जा, बंद करा, झाका, बसा. हे मला मनापासून पटतं, कारण त्या पंख्याच्या आवाजाने अर्ध्या मैलावरचं पाणी रिकामं होतं आणि त्याचा फायदा घेणं म्हणजे शिकार नव्हे.

बंदुकीचं, तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला अमेरिकेचा कायदा मनाई करतो, पण त्यात एक अपवाद आहे, राज्याने दिलेलं चालू शिकारीचं लायसन्स तुमच्याकडे असेल तर. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, आणि बंदूक घरात तशीच राहिली तर तुमचं स्टेटस अडचणीत येऊ शकतं. म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. शिवाय बदकांच्या शिकारीसाठी १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला डक स्टॅम्प, म्हणजे सरकारी परवान्याचं तिकीट लागतं, १९३४ पासून आहे ते, आणि पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, स्टीलचे किंवा मान्य असलेले दुसरेच घ्या.

आणि घरी बनवलेल्या बोटीला राज्याकडून हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) घ्यावा लागतो, बोट बघायला माणूस येतो, पत्र्यापासून इंजिनापर्यंत सगळ्या पावत्या जपून ठेवा.

केअर्नीहून एक वाचक : सीझन संपल्यावर बोट फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसती फिरवायला चालेल ना?

केअर्नीला राहून हे विचारताय म्हणून जरा जोर देऊन सांगतो, नको. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत लाखो सँडहिल क्रेन (क्रौंच पक्षी) तुमच्याच गावाजवळ रात्री त्या उथळ पाण्यात उभ्या राहून झोपतात. नेब्रास्कात त्यांची शिकारही होत नाही. एक एअरबोट संध्याकाळी तिथून गेली तर थवाच्या थवा अंधारात उठतो, तारांवर आदळतो. बोट धुवा, पॉली उचला, वाळू काढा. एअरबोटीचं आणि पक्ष्यांचं नातं चांगलं सुरू झालेलं आहे, युटातल्या बेअर रिव्हर पक्षी अभयारण्यात १९४३ मध्ये जी सपाट बुडाची एअरबोट तिथल्या लोकांनी स्वतः बनवली ती दलदलीत बोट्युलिझमने (एका प्रकारच्या विषबाधेने) मरणाऱ्या बदकांपर्यंत पोचायला. ते नातं आपण बिघडवू नये.

मिनियापोलिसहून : होवरक्राफ्ट का नाही?

होवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत जाणारं वाहन, सपाट बर्फावर छान. पण त्याचा खालचा स्कर्ट, म्हणजे हवा धरून ठेवणारी झालर, उभ्या बर्फाच्या धारेवर आणि तुटलेल्या फांद्यांवर फाटतो, आणि आमच्या नदीत दोन्ही आहे.

इंदापूरहून : उजनीत असं काही करता येईल का?

नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि नुसती फिरवायला म्हणाल तर उजनीच्या फ्लेमिंगोंजवळ हा आवाज नेऊ नका.

सांगलीहून काही तरुण लिहितात : २०१९ च्या पुरात आमच्या गावात बोट वेळेवर आली नाही. आम्ही वर्गणी काढून एअरबोट बनवली तर? कॅटरिना वादळाच्या पुरात अमेरिकेत हीच वापरली ना?

हो, २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला खूप एअरबोटी गेल्या आणि खूप माणसं त्यांनी काढली. तुमच्या पत्रामागची तळमळ मला कळते, माझं आजोळ कृष्णाकाठचंच. म्हणून खरं ते सांगतो. न्यू ऑर्लिन्समध्ये रस्त्यांवर साचलेलं पाणी होतं. कृष्णेचा पूर वाहता असतो. एअरबोटीत माणसं घ्यायला पंखा हळू करावा लागतो, कारण मागे उभं कोणी असलं, सैल पत्रा असला तर ती हवा त्याला उडवते, आणि पंखा हळू झाला की सुकाणू नाही, मग बोट प्रवाहाबरोबर जाते. वर विजेच्या तारा पाण्याच्या पातळीला आलेल्या आणि तुमचा पिंजरा तीन मीटर उंच. खाली द्राक्षबागांचे अँगल आणि तारा. त्या आवाजात माडीवरून कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही.

ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला बोट उलटली ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. तिथे बोटीत माणसं जास्त होती. एअरबोट आधीच वरून जड असते, घाबरलेली पंधरा माणसं एका बाजूला आली तर ती त्याहून लवकर उलटेल.

वर्गणी जमली तर आधी गावात जितकी माणसं काढावी लागतील तितकी लाईफ जॅकेटं घ्या, लहान मुलांच्या मापाचीसुद्धा, ती नेहमी विसरतात. मग एक चांगली रबरी बोट आणि इंजिन, दोन जाड दोर, आणि मे महिन्यातच चार पोरांनी ती चालवायचा सराव. बोटीत किती माणसं घ्यायची तो आकडा बोटीवर रंगवा, आणि चालवणाऱ्याने तो मोडायचा नाही, गावातलं कोणीही काहीही म्हणो.

बेलव्ह्यूहून एक आई : माझा नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, एअरबोट उलटी का जात नाही?

त्याला सांगा, पंखा हवा मागेच फेकतो, पुढे फेकायची त्याची सोय नाही, म्हणून बोट पुढेच जाते. नाक काठात घुसलं की आम्ही इंजिन बंद करतो, पंखा पूर्ण थांबेपर्यंत कोणी जागेवरून उठत नाही, मग पहार टोचत दोघं खाली उतरतो, एक डावीकडे एक उजवीकडे, आणि ढकलून तिचं तोंड फिरवतो. पॉली नीट असेल तर एवढी मोठी बोट दोन माणसांना बर्फावर फिरवता येते. त्याला एकदा घेऊन या, मे महिन्यात, पाणी कोमट झाल्यावर. त्याच्या मापाचं जॅकेट आमच्याकडे आहे.